खुनी प्रियकराच्या आवाजाबाबत ताईस खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं कंबरेला झेपेल तेवढंच धर, उरलेलं मनोभावे आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात कळवलं होतंस, पण मी ते घाईत वाचलं, तेव्हा पुन्हा सविस्तर लिही. भावोजींचं कानाचं नवीन यंत्र आलं का? नसेल आलं तर मुळीच घाई करू नका. माझ्या आवाजाचा काडीचाही परिणाम न झालेला एवढा एकच माणूस या जगात उरला आहे, आणि तो मला तसाच हवा आहे.

आता मुद्द्याचं. "तुझा भाऊ हल्ली बायकांच्या कानात कुजबुजतो आणि माणसं मारतो," असं आपल्या मावसबहिणीनं तुला फोन करून सांगितल्याचं कळलं. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे आणि दुसरं अर्धं पुस्तकातलं आहे. पण तू तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. (पत्राला मध्येच "पुरे कर" म्हणता येत नाही, हा त्यातला फायदा.) तुझा गैरसमज दूर व्हावा, एवढाच माझा हेतू आहे. दुसरं काही मागणं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, म्हणजे तू त्याला कधी काम मानलं नाहीस, पण ठाऊक आहे. लिफ्टमध्ये "तिसरा मजला, दरवाजा उघडत आहे" म्हणतो तो मी. फोनवर "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा" म्हणतो तोही मीच. आमच्या इथल्या मोठ्या इस्पितळात "टोकन क्रमांक अमुक, कृपया खिडकी क्रमांक दोनवर यावे" हेही माझंच. रोज एवढी माणसं माझं ऐकतात, मी सांगेन त्या खिडकीवर जातात, आणि आजवर एकानंही "कोण हो हा बोलणारा?" अशी चौकशी केलेली नाही. मला त्याचं वाईटही वाटत नसे. नळाला येणाऱ्या पाण्यासारखा माझा आवाज होता. आला तर कोणाचं लक्ष नाही, गेला तरच आरडाओरडा.

तर गेल्या वर्षी आमच्या ध्वनिमुद्रकाचा फोन आला. (याला सगळे 'कानवाला' म्हणतात. बंद खोलीत माझ्या पोटात गुडगुडलं तर हा काचेपलीकडून "आधी खाऊन या" म्हणतो. खळ लावलेला शर्ट घालून गेलो तर परत पाठवतो, कारण कॉलर बोलते म्हणे.) तो म्हणाला, "पुस्तकं वाचायची आहेत. एक मालिकाच आहे. लोक कानात घालून ऐकणार." मी विचारलं, विषय काय? तो जरा थांबून म्हणाला, "प्रेम." आणि आणखी जरा थांबून, "आणि खून. पण प्रेमानं केलेले."

ताई, ही पुस्तकं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तीन वेळा चहा गार झाला, यावरून काय ते ओळख. सगळी मालिका एक माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो. त्याला नाव नाही, वाचक त्याला नुसतं 'चष्मेवाला' म्हणतात, कारण तो डोळे तपासून चष्मे करून देतो. अंधारी खोली, समोर खुर्चीत ती बसलेली, तिच्या नाकावर ते जड लोखंडी चष्म्याचं धूड, आणि हा वीतभर अंतरावरून एकेक भिंग बदलत मऊ आवाजात विचारतो, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" बस. एवढ्यावर तो प्रेमात पडतो. आणि पडतो म्हणजे कसा! पहिल्या पुस्तकात एक दातांची डॉक्टरीण आहे. ती कधीतरी बोलता बोलता म्हणून जाते की तिला खिडकीकडे पाठ करून बसलं की अस्वस्थ वाटतं. हा ते विसरत नाही. पुढं जिथं जिथं ती जाते तिथं तिथं तिची खुर्ची आधीच वळवून ठेवलेली असते, आणि तिला कळतसुद्धा नाही ती कोणी वळवली. तिला पेशंटांसमोर घालूनपाडून बोलणारा एक वरिष्ठ असतो. तो पुढच्या प्रकरणात पाण्याच्या टाकीत सापडतो. दुसऱ्या पुस्तकात एक बेकरीवाली आहे, आणि तिचा भाडं वाढवणारा घरमालक आहे. तो जिन्यावरून पडतो. (जिन्याची त्यात काही चूक नसते.) आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तिला सगळं कळतं, तिच्या चेहऱ्यावरचं प्रेम जाऊन तिथं नुसती भीती उरते, आणि हा आपली भिंगांची पेटी उचलून दुसऱ्या शहराची गाडी पकडतो.

यातली थक्क करणारी गोष्ट ऐक. घरमालक जिन्यावरून पडला तेव्हा माइकसमोर माझ्या तोंडून आपसूक "बरं झालं!" निघून गेलं. ते पुस्तकात नव्हतं. कानवाल्यानं मुद्रण थांबवलं. मला वाटलं रागावणार. पण तो काचेपलीकडून अगदी हळू म्हणाला, "मीही तेच म्हणालो." दोन पापभीरू माणसं, हप्ते वेळेवर भरणारी, रस्ता खुणेवरच ओलांडणारी, आणि आम्ही एका माणसाच्या मरणावर खूश होऊन एकमेकांकडे बघत होतो! शब्दांनी असं काही करता येतं, हे इतकी वर्षं मजले मोजणाऱ्या मला माहीतच नव्हतं. माझा आजवरचा सगळ्यात भावनाप्रधान मजकूर "कृपया दरवाज्यापासून दूर राहा" हा होता.

वाचनाचं तंत्रही वेगळं निघालं. कानवाला म्हणाला, "माइक म्हणजे तिचा कान समजा. कानाशी कोणी ओरडतं का?" मग मी माइकच्या जाळीला नाक लागेल इतकं जवळ सरकून, कापडी चपला घालून, मधूनमधून हिरव्या सफरचंदाचा तुकडा चघळत (त्यानं तोंडातला चिकट आवाज जातो) वाचायला लागलो. जितका खून भयंकर, तितका आवाज हळू. पुस्तकं बाहेर पडली आणि जे झालं त्याची कल्पना आपल्या मावसबहिणीला आहेच, तुला नाही.

इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. तिथल्या प्रतीक्षागृहात मी जाऊन बसलो तर पुढं विलक्षण देखावा. "टोकन क्रमांक अमुक," असं माझा आवाज म्हणाला की बायका लाजून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक आजी स्वतःचा क्रमांक येऊन गेला तरी उठल्या नाहीत, "पुन्हा बोलेल तेव्हा जाईन," म्हणाल्या. उलट एक धडधाकट गृहस्थ खिडकी क्रमांक दोनवर जायला साफ नाही म्हणत होते. त्यांना दुसऱ्या कुठल्याही खिडकीवर चालणार होतं. व्यवस्थापक कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "जरा कमी प्रेमानं पुन्हा वाचून देता का?" मी म्हटलं, "साहेब, हे मुद्रण जुनं आहे. यात प्रेम नव्हतंच कधी." आवाज तोच होता, ताई. बदलले होते ते लोकांचे कान. मी तिथं खुर्चीत बसून स्वतःलाच ऐकत राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. एका लेखिकेनं घरात बसून लिहिलेल्या माणसानं माझा घसा येऊन बळकावला होता, आणि माझी जुनी वाक्यंसुद्धा तो परत द्यायला तयार नव्हता.

ती लेखिका शेवटच्या आधीच्या पुस्तकाच्या मुद्रणाला आली. मी मनात एक उंच, काळ्या कपड्यांतली, थंड नजरेची बाई धरली होती. आल्या त्या सर्दीनं बेजार झालेल्या, ठेंगण्या, पिशवीतून स्वतःची उशी काढून खुर्चीवर ठेवणाऱ्या बाई. दुपारच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, "तुम्हाला हा असला माणूस सुचतो कसा? आणि सगळ्यांना तो आवडतो कसा?" त्या नाक पुसत म्हणाल्या, "त्याच्यात एक सोडून सगळं वाईट आहे. तो लक्ष देतो. तेवढंच. कोणी आपल्याकडे लक्ष देतंय म्हटलं की माणसं बाकीचं सगळं पोटात घालतात. त्याची भीती वाटावी म्हणून मी लिहिते हो, आणि लोक मला त्याचा पत्ता विचारतात." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमचं लग्न झालंय ना? मग तुम्हाला अवघड नाही जायचं."

हे वाक्य मला समजलं नाही, पण घरी जाईपर्यंत ते टोचत राहिलं. लक्ष! मी लग्न झालेला माणूस. चष्मेवाला एका भेटीत जेवढं टिपतो तेवढं मी हिच्याबद्दल सांगू शकेन का? मी त्याच दिवसापासून लक्ष द्यायला लागलो. आणि ताई, लक्ष दिलं मात्र, भलतंच दिसायला लागलं.

एक तर ही दिवसभर कानात तो चष्मेवाला घालून बसलेली. पूर्वी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची, आता त्याची घडी मोडलेली नसे. मी खोलीत आलो तर मान वर नाही. चहा ओतताना तो कपाच्या शेजारी, आणि चेहऱ्यावर कुठंतरी दूर हरवल्यासारखं. एकदा भर रस्त्यात मी समोरून आलो, हसलो, हात केला, तर ही सरळ माझ्या अंगावरून पुढं निघून गेली! आणि कळस म्हणजे एका संध्याकाळी सज्ज्यात उभी राहून म्हणाली, "हल्ली दिव्यांभोवती कशी वलयं दिसतात ना. सगळं धुक्यात असल्यासारखं वाटतं." मी "वा, छान," म्हणालो आणि आत जाऊन मटकन बसलो. कारण दुसऱ्या पुस्तकातली बेकरीवाली प्रेमात पडल्यावर दिव्यांबद्दल जवळजवळ हेच बोलते. मी स्वतःच ते वाचलंय, आणि चांगलं वाचलंय.

शिवाय दर बुधवारी दुपारी "जरा काम आहे" म्हणून बाहेर. काय काम, ते नाही.

माझी अवस्था तू लक्षात घे. माझ्या बायकोचं मन दुसऱ्यावर गेलं होतं, तो दुसरा खुनी होता, आणि त्याचा आवाज माझा होता. कोणाशी भांडू? कानवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुम्ही घरी त्या आवाजात बोलून बघा की." मी जेवताना प्रयत्न केला. माइकच्या अंतरावर सरकून, अगदी मऊ आवाजात म्हटलं, "आमटी आणखी वाढतेस?" ही म्हणाली, "घसा बसलाय का? गुळण्या करा."

शेवटी बुधवारी मी तिच्या मागावर निघालो. पाठलाग कसा करावा हे तिसऱ्या पुस्तकात सविस्तर आहे. रस्त्याच्या समोरच्या बाजूनं चालावं, रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि हातात काहीतरी घरगुती वस्तू धरावी, म्हणजे कोणी संशय घेत नाही. मी स्वयंपाकघरातून एक कोबी उचलला. (पिशवी घ्यायचं सुचलं नाही. नुसता कोबी छातीशी धरून रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडे सगळे वळून बघतात, हे तिसऱ्या पुस्तकात लिहिलेलं नाही.) ही जरा सावकाशच चालत होती. पायरी आली की आधी बुटाच्या टोकानं चाचपायची. एका मोटारीचा हॉर्न वाजला तर भलत्याच बाजूला बघितलं. मी मनात म्हटलं, बघ, प्रेमानं शुद्ध हरपलीय.

ती एका दुमजली इमारतीत शिरली. दारावर पाटी होती, आणि पाटीवर भलामोठा एक डोळा. डोळ्यांचा डॉक्टर! चष्मेवाल्याचाच धंदा, ताई! मी जिना चढलो. बाहेरच्या टेबलावर कोणी नव्हतं. आतल्या खोलीला काळा पडदा, पलीकडे अंधार, आणि त्या अंधारातून एक पुरुषी आवाज आला, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" आणि माझी बायको हसली. किती दिवसांत हसली नव्हती!

मी पडदा सारला. तुला माहीत आहे, लोक रागावले की ओरडतात. पण वर्षभर कानवाल्यानं माझ्या घशाला जे वळण लावलं होतं, त्यामुळं राग आला की माझा आवाज आपोआप खाली जातो. तेव्हा मी दारात उभा राहून, हातात तो गोल जड कोबी, अगदी मऊ, अगदी प्रेमळ आवाजात म्हणालो, "दिवे लावू नका, डॉक्टर. मला एवढंच सांगा, ती इथं काय करते?"

पुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. डॉक्टर स्वतः त्या मालिकेचे भक्त निघाले. त्यांनी एक विचित्र आवाज काढला, हातातला भिंगांचा ट्रे सोडून दिला आणि यंत्राच्या मागं जाऊन बसले. भिंगं घरंगळत माझ्या पायापर्यंत आली. यंत्रामागून ते ओरडत होते, "मी काही केलेलं नाही! मी फक्त नंबर काढतो! बाहेरच्या टेबलावरच्या बाईंचं डोकं आहे ते हातात?"

खुर्चीतून ही म्हणाली, "कोण आहे?" मग कान टवकारून, "अगंबाई, तुम्ही होय." (त्यात थोडी निराशा होती, ताई. मी खोटं कशाला लिहू?) मग मान पुढं काढून माझ्या दिशेनं बघत राहिली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डावीकडच्या भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "हातात काय आहे तुमच्या?" मी म्हटलं, "कोबी." ती म्हणाली, "कशाला आणलात? घरात एक आहे की."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. डॉक्टर पाणी वगैरे पिऊन सावरल्यावर त्यांनी मला सगळं समजावलं. बरेच आठवडे ती येत होती. दर वेळी ते शस्त्रक्रियेची तारीख देत होते आणि दर वेळी ती "पुढच्या बुधवारी सांगते" म्हणून परत जात होती. डोळ्याला शस्त्र लागणार आणि आपण जाग्या असणार, या विचारानंच तिला कापरं भरायचं. पेपर वाचता येईना म्हणून तिनं कानात पुस्तक घातलं होतं. रस्त्यात मी तिला दिसलोच नव्हतो. चहा कपात पडत नव्हता, कारण कप कुठं संपतो तेच कळत नव्हतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं की. दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हटलं. तुम्ही छान म्हणालात."

ताई, त्या खोलीत एक खड्डा असता तर मी त्यात उतरलो असतो. ही बाई धुक्यातून भाजी चिरत होती, धुक्यातून रस्ते ओलांडत होती, गॅस पेटवत होती, माझ्या शर्टाची बटणं नुसत्या बोटांनी चाचपून शिवत होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. कोणाला म्हणजे मला. पुस्तकातला चष्मेवाला मला भारी वाटत होता! हिच्या धैर्यापुढं तो काहीच नाही.

तारीख तिथल्या तिथं ठरवली. हिनं एकच अट घातली, की शस्त्रक्रिया चालू असताना कानात पुस्तक चालू ठेवायचं. डॉक्टरांना ते चालेना, आणि हिला त्याशिवाय चालेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टरांसाठी शस्त्रक्रिया मोठी करून दाखवणारा पडदा आहे. मध्ये काच आहे आणि माइकही आहे. तुम्ही तिथून बोला." मग माझा हात धरून बाजूला नेलं आणि काकुळतीनं म्हणाले, "पण तो आवाज नको हं. माझा हात स्थिर राहायला हवा."

तर मी काचेच्या अलीकडे माइकपुढं बसलो. आयुष्य माइकपुढं गेलं माझं. पण समोर कागद नाही! आजवर मी जे काही बोललो ते कोणीतरी लिहून दिलेलं. माझं स्वतःचं असं एक वाक्य माझ्यापाशी नव्हतं. काचेपलीकडे हिरव्या कापडाखाली ही आडवी, आणि मला तिचा हात दिसत होता, चादर घट्ट मुठीत धरलेला. शेवटी मला समोर जे दिसत होतं तेच मी बोलायला लागलो. म्हटलं, "अगं, ऐकतेस का, डॉक्टरांच्या टोपीवर पिवळी बदकं आहेत." मूठ हलली. "नर्सबाईंच्या मोज्यांतला एक निळा आहे आणि एक हिरवा. सकाळी घाई झालेली दिसतेय." हिचं पोट हसण्यानं हललं आणि डॉक्टर म्हणाले, "हलायचं नाही!" मग मी जपून जपून बोलत राहिलो. भिंतीचा रंग सांगितला, खिडकीत वाळत टाकलेलं फडकं सांगितलं, डॉक्टर जीभ दातांत धरून काम करतात ते सांगितलं. मूठ हळूहळू सुटली.

आणि मग मी पडद्याकडे बघितलं. ताई, तिथं हिचा डोळा होता, जेवणाच्या ताटाएवढा. आत दुधासारखा ढग. एक केसाएवढी नळी गेली, ढग थरथरला, फुटला आणि नळीतून निघून गेला. मग एक इवलंसं गुंडाळलेलं भिंग आत सरकलं आणि पाकळी उलगडावी तसं हळूच उलगडून आपल्या जागी बसलं. मी बोलायचाच थांबलो. काचेपलीकडून ही म्हणाली, "का थांबलात? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे, बुबुळाच्या कडेला. मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "मला माहीत होतं. पुढं सांगा."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. हिनं आधी खिडकीबाहेर बघितलं, मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणाली, "केस केव्हा गेले तुमचे?" पुढच्या महिन्यात दुसरा डोळा झाला. तेव्हापासून आमच्या घराची दुर्दशा आहे, कारण तिला आता सगळंच दिसतं. पंख्याची पाती, कपाटांच्या वरची धूळ, कपांचे कान. भिंतीवरचा कोळी तिनं बसल्या जागेवरून ओळखला आणि मला हाक मारली. मी प्रत्येक हाकेला धावत जातो.

शेवटचं पुस्तक मी परवा वाचून संपवलं. चष्मेवाल्याचं काय होतं ते सांगत नाही, भावोजींच्या यंत्राचा भरवसा नाही. पण शेवटचं पान वाचताना माझा आवाज चिरकला, आणि कानवाल्यानं तो तसाच ठेवला. असो. मी माणसं मारत नाही, एवढं तुझ्या ध्यानात आलं असेल. मावसबहिणीला माझा नमस्कार सांग. (अगदी हळू आवाजात सांग. तिला तसाच हवा असणार.) गुडघ्याला जप, भावोजींना जप आणि फोन उचल.

तुझा,
धाकटा

ता. क. — लेखिकाबाईंना ही सगळी हकिगत सांगितली. त्या बराच वेळ हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या आणि विचारलं, "कोबी मी वापरू का?" मी हो म्हटलं, पण नवऱ्याला जिवंत ठेवा अशी विनंती केली. "बघते," म्हणाल्या. मला त्या "बघते"चा सूर पटलेला नाही.

ता. क. २ — ताई, वर मी दुसरं काही मागणं नाही असं लिहिलं, ते तेवढं खरं नाही. परवा ही चहा पिता पिता सहज म्हणाली, "या घरात एक वस्तू अशी आहे, जी मला लग्न होऊन आले तेव्हापासून आवडत नाही. ओळखा बघू कुठली. रविवारपर्यंत वेळ देते." एवढं बोलून कप उचलून गेली. मी एव्हाना निम्मं घर तपासलंय. माझा संशय हॉलमधल्या वेताच्या खुर्चीवर आहे, बेडरूमच्या पडद्यांवर आहे आणि (तू मनाला लावून घेऊ नकोस) तू दिलेल्या पितळी फुलदाणीवरही आहे. तुम्ही दोघी फोनवर तासन्‌तास बोलता. तुझ्याशी ती नक्की बोलली असणार. तेवढं उत्तर मला गुपचूप कळव. रविवारच्या आत कळव, आणि पत्र घरी न पाठवता स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव. या पत्राची खरी निकड ही आहे. आता हे बंद करून टपालात टाकायला हिच्याकडेच देतो, ती त्याच बाजूला चाललीय.

(खाली वेगळ्या अक्षरात)

ताई, नमस्कार. पाकीट नीट चिकटवलं नव्हतं, आणि मला आता बारीक अक्षरही दिसतं. फुलदाणी छान आहे, खुर्चीही छान आहे. तशी वस्तू घरात एकही नाही. मी आपलं उगाच म्हटलं होतं. पण गेले दोन दिवस हे घरातली एकेक वस्तू हातात घेऊन येतात, माझ्यासमोर धरतात आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत उभे राहतात. तेव्हा यांना काही कळवू नका. रविवारनंतरसुद्धा नका.